पातळ वरणाचा हिशेब

माझ्या मावसभावाची निफाड तालुक्यात पोल्ट्री आहे. एका दिवाळीत त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा शेडच्या दाराशी खाद्याच्या पोत्यांची थप्पी लागलेली होती. पोत्याच्या तोंडाशी शिवलेली चिठ्ठी सहज वाचायला घेतली. प्रथिनं इतके टक्के, स्निग्धांश इतका, तंतू इतके आणि त्याखाली एक वेगळी ओळ : लायसिन, १.२ टक्के. ‘‘हे वेगळं कशाला लिहितात रे?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘दादा, ते कमी पडलं की पक्षी वजन धरत नाही. मका कितीही चारा. नुसता खात राहतो, चरबी धरतो, पण मांस भरत नाही.’’

खातो, चरबी धरतो, मांस भरत नाही. ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, कारण हे वर्णन मी माणसांबद्दल आधी वाचलेलं होतं, तेही पुण्याच्या माणसांबद्दल. त्याकडे पुढे येतोच. पण त्या दिवशी मनाला लागलं ते निराळंच. बेचाळीस दिवस जगणाऱ्या पिल्लाच्या खाद्यात एक अमिनो आम्ल दशांशापर्यंत मोजलं जातं. माणसाला रेशनवर मिळणाऱ्या धान्यात ते कोणी मोजत नाही. शाळेत, दवाखान्यात, वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत त्याचं नावही निघत नाही.

प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ आपलं शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. लायसिन त्यांपैकी एक. दसऱ्याचं तोरण ओवायला बसलेल्या बाईला विचारा : झेंडू पाच पाट्या असला, तरी आंब्याची पानं संपली की तोरण तिथेच थांबतं. उरलेला झेंडू फुकट जातो. शरीरात तसंच होतं. एखादं आवश्यक अमिनो आम्ल कमी पडलं की स्नायू, रक्तातली प्रथिनं, रोगाशी लढणारी द्रव्यं यांची बांधणी त्या कमतरतेपाशी अडते. उरलेली अमिनो आम्लं पुढच्या आठवड्यासाठी साठवून ठेवायची सोय शरीराकडे नाही, ती इंधन म्हणून जाळली जातात. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका या सगळ्या तृणधान्यांत हे संपणारं आंब्याचं पान म्हणजे लायसिन. प्रौढ माणसाच्या आहारातल्या दर ग्रॅम प्रथिनामागे साधारण ४५ मिलिग्रॅम लायसिन हवं. तांदळात ते ३७ च्या आसपास असतं, गव्हात पंचविसाच्या आसपास आणि ज्वारीत त्याहूनही थोडं कमी. तुरीत, हरभऱ्यात, मुगात, मटकीत मात्र साठाच्या पुढे. डाळीत कमी असतात ती गंधकयुक्त अमिनो आम्लं, आणि ती धान्यात पुरेशी असतात. एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

इथवर सगळं ओळखीचं आहे. ‘डाळ-भात म्हणजे पूर्णान्न’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो. मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. ते खोटं नाही, पण त्यात एक आकडा गाळलेला आहे, आणि तो गाळल्यामुळे आपण गेली साठ-सत्तर वर्षं स्वतःची समजूत घालत आलो आहोत. आकडा डाळीच्या प्रमाणाचा आहे. भातावर किती डाळ?

हा आकडा समजायला एका जुन्या प्रयोगाकडे जावं लागतं. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनमध्ये थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी १९१४ च्या सुमारास उंदरांना वेगवेगळी शुद्ध प्रथिनं देऊन पाहिली. गव्हातलं ग्लायाडिन हे लायसिन जेमतेम असलेलं प्रथिन. फक्त त्यावर ठेवलेले उंदीर मेले नाहीत. ते खात होते, हिंडत होते, दिसायला धडधाकट होते, पण वाढत नव्हते. महिने लोटले तरी पिलाएवढेच राहिले. आहारात लायसिन मिसळलं आणि ते वाढायला लागले.

मला या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की ते उंदीर आजारी दिसत नव्हते. क जीवनसत्त्व कमी पडलं तर हिरड्यांतून रक्त येतं, आयोडीन कमी पडलं तर गळा सुजतो, अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. लायसिनच्या तुटवड्याला असं नाव नाही, असा चेहरा नाही. मूल जरा बुटकं राहतं, आजारातून उठायला जरा जास्त दिवस घेतं, मोठेपणी अंगावर स्नायू कमी राहतात. शेजारपाजारची सगळीच मुलं तशी असली की ते लक्षातही येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. याला एकटं लायसिन जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. आईचं कुपोषण, सततची हगवण, घाण पाणी, ही सगळी कारणं त्यात गुंतलेली आहेत. पण वाढीचा मालच ताटात कमी असेल, तर बाकीचं सगळं सुधारूनही वाढ होणार कशातून?

इथे एका मोठ्या मराठी माणसाशी वाद घालावा लागतो, आणि तो मी पूर्ण आदराने घालतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. साठच्या दशकात जगभर ‘प्रथिनांचं संकट’ म्हणून मोठा गाजावाजा चालला होता. माशांची भुकटी, तेलबियांच्या पेंडीचं पीठ, प्रयोगशाळेतली प्रथिनं गरीब देशांत पाठवायच्या योजना आखल्या जात होत्या. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितलं की भारतातल्या गरिबाला आधी पोटभर अन्न मिळत नाही, हे खरं दुखणं आहे. पोट अर्धं राहिलं की खाल्लेलं प्रथिनही शरीर इंधन म्हणून जाळतं. नेहमीची भाकरी-आमटी पोटभर मिळाली तर प्रथिनांची गरज आपोआप भागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचं कामही त्याच दिशेने बोट दाखवत होतं. १९७४ मध्ये डोनल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्या सगळ्या प्रथिन मोहिमेला ‘महाफजिती’ म्हटलं, तेव्हा सुखात्म्यांचं म्हणणं जगाने मान्य केल्यासारखंच झालं.

त्या काळापुरते सुखात्मे बरोबर होते. पण त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, लायसिनच्या गरजेचा आकडाच बदलला. १९८५ च्या अहवालातही जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १२ मिलिग्रॅम लायसिन पुरतं असं मानत होती. या हिशेबाने नुसती भाकरीसुद्धा जवळजवळ पुरत होती. पुढे अमेरिकेत व्हर्नन यंग आणि बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अनुरा कुरपाड यांनी नव्या पद्धतीने मोजमाप केलं. अमिनो आम्लावर ओळखू येणारा कार्बन बसवायचा आणि श्वासातून तो किती बाहेर पडतो ते चोवीस तास मोजायचं. गरज निघाली दर किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे आधीच्या अडीच पट. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हाच आकडा स्वीकारला. वाढत्या मुलांना वजनाच्या मानाने याहून जास्त लागतं. कुरपाडांच्या चमूने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला विलक्षण वाटते : पोटात जंत असलेल्या कुपोषित माणसाची लायसिनची गरज आणखी वाढते. ज्याच्या ताटात लायसिन सगळ्यात कमी, त्यालाच ते सगळ्यात जास्त हवं असतं.

दुसरा बदल आपल्या कष्टांत झाला, आणि हा मुद्दा पोषणाच्या चर्चेत पुरेसा येत नाही असं मला वाटतं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण दहा ग्रॅम प्रथिन असतं आणि त्यात २३० मिलिग्रॅमच्या आसपास लायसिन. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज १८०० मिलिग्रॅम हवं. माझे आजोबा नांगर धरायचे. ते दिवसाला सहज सातशे ग्रॅम ज्वारी खात. त्यातूनच त्यांना सोळाशे मिलिग्रॅम मिळे, वर वाटीभर आमटी आली की काम भागलं. त्यांच्यासाठी पातळ आमटीही पुरेशी होती, कारण भाकऱ्याच मोप होत्या आणि त्या भाकऱ्यांतली सगळी ऊर्जा संध्याकाळपर्यंत शेतात जिरत होती.

मी खुर्चीत बसून काम करतो. अडीचशे ग्रॅम धान्यात माझं भागतं, भागायलाच हवं. त्यातून मला सहाशे मिलिग्रॅम लायसिन मिळतं. आजोबांची आमटी मी तशीच ठेवली, भाकऱ्या तेवढ्या कमी केल्या, आणि हिशेब कोसळला.

मागच्या महिन्यात मी घरातली डाळ मोजली. किराणा तोलायचा लहान काटा ओट्यावर ठेवला आणि बायको कुकरमध्ये लावायला घेते ती तुरीची वाटी त्यावर ओतली. दीडशे ग्रॅम भरली. आम्ही चौघं. म्हणजे माणशी ३७ ग्रॅम, तीही दोन्ही वेळची मिळून. रात्री तेच वरण गरम पाणी घालून वाढवलं जातं, वरून तूप-लिंबू, आणि आम्ही समाधानाने म्हणतो की डाळ-भात झाला. ३७ ग्रॅम तुरीतून साधारण ५३० मिलिग्रॅम लायसिन येतं. धान्यातलं सहाशे धरून अकराशे तीस. चहातलं दूध धरलं तरी अठराशेची वेस दूर राहते. शिवाय वनस्पतीजन्य प्रथिन पूर्ण पचत नाही. ज्वारीचं प्रथिन तर पाण्यात शिजवल्यावर कच्च्यापेक्षा पचायला अवघड होतं, म्हणजे खरा आकडा यापेक्षाही खालचा.

आता ही तूट भरायची कशी? भाकरीने भरायची तर साधारण २९० ग्रॅम ज्वारी जादा लागेल. पाच भाकऱ्या, साडेनऊशेच्या वर कॅलरी. डाळीने भरायची तर ४७ ग्रॅम, दीडशे-एकशे साठ कॅलरी. पोट भरलं तरी काहीतरी खावंसं वाटत राहणं, तासाभरात पुन्हा फरसाणाचा डबा उघडणं, यामागे प्रथिनांची ही ओढ कितपत आहे यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. मला त्या वादात न शिरता एवढंच म्हणायचं आहे की बसून राहणाऱ्या माणसाने धान्यातून लायसिन मिळवायचं ठरवलं, तर त्याला लठ्ठपणा आणि मधुमेह विकत घ्यावा लागेल.

आता पुण्याच्या माणसांकडे येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली अनेक वर्षं ‘बारीक दिसणारा पण चरबी असलेला’ भारतीय अभ्यासत आहेत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चाललेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की इथली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मतात, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळातही कमी असतो तो स्नायू, चरबी तेवढी कमी नसते. याज्ञिकांनी स्वतः ब-१२ जीवनसत्त्वावर आणि गर्भावस्थेतल्या पोषणावर भर दिला आहे. ही ठेवण लायसिनने घडते असं त्यांनी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण स्नायू हे जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेणारं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार आहे. ते कोठार जन्मतःच लहान असलेल्या लोकांनी आयुष्यभर धान्याचा डोंगर आणि डाळीचं पाणी खाल्लं, तर साखर जाईल कुठे? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली. त्याच अभ्यासातून पुढे दिसलं की भारतीयांच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात.

लायसिन आणि साखर यांचं नातं आणखी एका ठिकाणी दिसतं, ते तव्यावर. भाकरीवर जे तांबूस डाग पडतात, ब्रेडची कड तपकिरी होते, खवा आटताना रंग बदलतो, त्यामागची प्रक्रिया लुई-कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. उष्णतेत साखर प्रथिनांतल्या अमिनो गटाला चिकटते, आणि लायसिनच्या शेपटीला असा एक गट मोकळा असल्यामुळे पहिला बळी त्याचाच जातो. चिकटलेलं लायसिन शरीराला वापरता येत नाही. म्हणून सकाळी सातला शाळेच्या गडबडीत पोराच्या हातात चहा आणि मैद्याची खरपूस बिस्किटं देताना आपण त्याला आधीच कमी लायसिनचं धान्य, त्यातलंही थोडं जाळून देत असतो. त्याच जातीची प्रक्रिया रक्तात संथपणे चालते. साखर हिमोग्लोबिनला चिकटत जाते, आणि मधुमेही दर तीन महिन्यांनी एचबीए१सी म्हणून जी तपासणी करतात, ती याच चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी असते.

हे वाचून कोणी लायसिनच्या गोळ्या किंवा डबाबंद पावडर आणायला निघू नये. लायसिन शरीरात मोडताना तयार होणारं एक आम्ल ज्यांच्या रक्तात जास्त होतं, त्यांना पुढच्या बारा वर्षांत मधुमेह होण्याचा धोका जास्त असल्याचं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात २०१३ मध्ये आढळलं. जास्त लायसिन खाल्ल्याने मधुमेह होतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण एकेक रेणू सुटा काढून गिळण्याने चयापचय सुधारतो, हा भ्रम त्याने दूर व्हावा. ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे त्यांनी तर प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवूच नयेत. बाकीच्यांसाठी उत्तर डब्यात आहे, तेही स्वयंपाकघरातल्या. आमच्या घरी आता त्या वाटीच्या दोन वाट्या झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा हुलग्याचे शेंगोळे, कधी घट्ट पिठलं, कधी मोड आलेली मटकी, कधी डाळिंब्या. ज्यांना चालतं त्यांनी अंडं खावं, एका अंड्यात ४४० मिलिग्रॅम लायसिन असतं. पेलाभर दुधात पाचशे.

पण मी दोन वाट्या करू शकलो, कारण माझ्या खिशात तेवढे पैसे आहेत. या देशात डाळ पातळ झाली ती गृहिणींच्या अज्ञानामुळे झालेली नाही. १९६१ मध्ये माणशी रोज ६९ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होतं. २००१ मध्ये ते ३० ग्रॅमवर आलं. हरितक्रांतीने गहू आणि भाताला पाणी दिलं, खत दिलं, हमीभावाने खरेदी दिली. तूर आणि हरभरा कोरडवाहू कडेला ढकलले गेले. तो आकडा आता थोडा वर आला आहे, पण ६९ ला अजून शिवलेला नाही. आपल्याकडे ज्वारीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ पेरायची रीत होती. जे रानात शेजारी उगवत होतं तेच ताटात शेजारी येत होतं, आणि साधारण त्याच प्रमाणात. पीक सुटं झालं, ताटही सुटं झालं.

२०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली. शेतकऱ्यांनी तूर लावली, आणि २०१७ मध्ये मराठवाडा-विदर्भात खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या गाड्या घेऊन त्यांना दिवसेंदिवस रांगेत उभं राहावं लागलं. एका वर्षी खाणाऱ्याला डाळ परवडली नाही, दुसऱ्या वर्षी पिकवणाऱ्याला विकता आली नाही. या दोघांच्या मध्ये रेशन दुकान आहे, आणि तिथे डाळ नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्य हा हक्क दिला. फार मोठी गोष्ट केली, सुखात्म्यांचं अर्धं म्हणणं त्याने पुरं केलं. पण त्या हक्कात डाळीचा एक दाणाही नाही. करोनाच्या काळात २०२० मध्ये काही महिने कुटुंबामागे एक किलो कडधान्य दिलं गेलं, मग बंद झालं. महाराष्ट्रात ‘आनंदाचा शिधा’मध्ये सणाला किलोभर चणाडाळ आली. तमिळनाडू २००७ पासून रेशनकार्डावर ३० रुपये किलोने तूरडाळ देतं, म्हणजे हे जमू शकतं.

सरकारला प्रमाण ठाऊक नाही असंही नाही. शालेय पोषण आहाराच्या नियमात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्यामागे २० ग्रॅम डाळ लिहिलेली आहे, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० मागे ३०. पाचास एक. तेच मूल संध्याकाळी ज्या घरी परततं, त्या घराच्या शिध्यातही हेच प्रमाण लागू करा, एवढीच माझी मागणी आहे. पाच किलो धान्यासोबत माणशी दरमहा एक किलो डाळ, लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतलेली, कायद्यात लिहून दिलेली.